न मोजलेलं बीपी

या ग्रुपवर मी दोन वर्षं आहे आणि आजवर एक ओळ लिहिलेली नाही. वाचते मात्र सगळं. खोटं कशाला बोलू, जेवताना वाचते, करमणूक म्हणून. कुणाच्या स्वप्नात आजोबा येतात, कुणाच्या गॅलरीत पैंजण वाजतात... मी मनातल्या मनात "बी-ट्वेल्व्ह तपासून घ्या" म्हणते आणि दुसरी पोळी वाढून घेते. आमचं घर नारायण पेठेतलं, बाबा शाळेत विज्ञान शिकवून रिटायर झालेले. आमच्याकडे मांजर आडवं गेलं तर उशीर मांजराला होतो.

त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच कसंतरी होतंय. पण कधीतरी कुठेतरी सांगायला हवं. ओळखीच्यांना सांगितलं तर ते माझ्याकडे जरा वेगळ्या नजरेने बघतात, म्हणून तुम्हाला सांगते.

गोष्ट माझ्या इंटर्नशिपमधली. एमबीबीएसची शेवटची परीक्षा पास झाल्यावर वर्षभर वेगवेगळ्या विभागांत राबावं लागतं, तेव्हा कुठे आपण पूर्ण डॉक्टर होतो. त्यातले काही आठवडे साध्या आरोग्य केंद्रात काढायचे असतात. मला येरवडा मिळालं. कुठलं केंद्र ते लिहीत नाही, कारण चूक केंद्राची नव्हती, माझी होती. दोन खोल्या, एक व्हरांडा, भिंतीवर लसीकरणाचे पिवळे पडलेले तक्ते आणि दारात कायम चपलांचा ढीग. मला तिथे भयंकर कंटाळा यायचा. मोठ्या हॉस्पिटलात धावपळ असते, काहीतरी घडतं. इथे काय, तर खोकला, खरूज, लोहाच्या गोळ्या आणि बीपी.

आमचे सर म्हणायचे, "हॉस्पिटलात माणूस आजारी पडल्यावर येतो. इथे आजारी पडायच्या आधी येतो. म्हणून तुम्हाला इथे काही दिसत नाही. ते दिसायला लागलं की पोस्टिंग संपलं असं समजा." मी मान डोलवायचे आणि टेबलाखाली मोबाईलवर पीजीच्या परीक्षेचे प्रश्न सोडवायचे.

तिथल्या खऱ्या मालकीण वाघमारे सिस्टर. वस्तीतलं प्रत्येक घर, प्रत्येक सून, प्रत्येक बाळ त्यांना तोंडपाठ. पहिल्याच दिवशी मी एका बाईच्या बाहीवरूनच बीपीचा पट्टा बांधला, तर मागून आवाज आला, "मॅडम, बाही वर करा. नाहीतर टेलरचं बीपी येईल." सगळा व्हरांडा हसला. माझे कान तापले, पण त्यानंतर मी बाही वर करायला विसरले नाही.

सोमवार म्हणजे गरोदर बायकांची तपासणी. सिस्टर वजन करणार, मी बीपी घेऊन कार्डावर लिहिणार, आतल्या खोलीत सर पोट तपासणार. त्या सोमवारी दुसरा इंटर्न आलाच नाही आणि रांग पार दारापर्यंत गेली होती. माझी दोन वाजता ऑनलाइन टेस्ट. पावणेएक झाला, चार-पाच जणी राहिल्या होत्या, आणि बीपीच्या मशीनची रबरी नळी फुग्यापासून निसटली. सकाळपासून तिसऱ्यांदा! मी ती चिकटपट्टीने कशीबशी बसवली. एकीचं घेतलं. पुढची बसली, तर परत फुस्स.

त्या पुढच्या मुलीने बाही आधीच वर करून डावा हात टेबलावर ठेवला होता. मी तिच्या कार्डावर मागच्या महिन्याचा आकडा बघितला. ११०/७०. तरुण मुलगी, बरी दिसत असणार... आणि मी आजच्या तारखेसमोर ११०/७० लिहिलं. कार्ड पुढे सरकवलं. "चला, नेक्स्ट."

ती क्षणभर तशीच बसली. हात टेबलावर तसाच. मग तिने बाही खाली केली, कार्ड घेतलं आणि उठून गेली.

बस, एवढंच. मी नळी नीट बसवली, उरलेल्या बायकांचं व्यवस्थित मोजलं आणि गाडी काढून घरी पळाले. टेस्टमध्ये एक प्रश्न गरोदरपणात वाढणाऱ्या बीपीवर होता. आईला झटके कधी येऊ शकतात, बाळाला धोका कधी, पहिलं औषध कोणतं. मला बरोबर आला, पूर्ण मार्क मिळाले.

संध्याकाळी साडेपाचला मी चहा गाळत होते आणि माझा डावा दंड आवळला गेला. कसं सांगू... दुखणं नाही, मुंग्या नाहीत. बीपीचा पट्टा बांधून कुणी हवा भरावी तसं, हळूहळू, घट्ट, आणखी घट्ट. मग तितक्याच हळू सैल झालं. मी म्हटलं, खांद्याला सॅक होती, शीर दबली असेल. मंगळवारी ओपीडीत दोनदा तेच. दुपारी घरी कपडे बदलताना आईने दंड बघितला आणि तिच्या हातातला टॉवेल तसाच राहिला.

"कुणी धरलं होतं गं तुला इतकं घट्ट?"

दंडावर तळहाताएवढा रुंद लाल पट्टा होता. दोन्ही कडा सरळ, मधे कापडाच्या विणीची नक्षी. बाबांनी चष्मा लावून बघितलं आणि निकाल दिला, "इलॅस्टिक. हल्लीचे कपडे." मी त्या दिवशी बिनबाह्यांचा कुर्ता घातला होता, पण वाद कोण घालणार. मी स्वतःचं बीपी स्वतःच घेतलं, पट्टा न उमटलेल्या उजव्या हातावर, नॉर्मल. विषय सोडून दिला.

आणि खरं सांगते, तोपर्यंत त्या मुलीची आठवणही मला आली नव्हती. या सगळ्यातली हीच गोष्ट मला जास्त खुपते.

बुधवारी सकाळी तिसऱ्या वर्षाची आठ मुलं-मुली केंद्रात शिकायला आली. सरांनी त्यांना बीपी कसं घ्यायचं ते दाखवायला घेतलं आणि पेशंट म्हणून मला खुर्चीत बसवलं. इंटर्नचा तेवढाच उपयोग! सरांकडे शिकवायचा स्टेथोस्कोप होता, एकाच नळीला दोघांनी ऐकायची सोय असलेला. एक बाजू सरांच्या कानात, दुसरी एका चष्मेवाल्या मुलीच्या. "पहिल्यांदा दोन्ही हातांचं घ्यायचं," सर म्हणाले, "आळस करायचा नाही."

उजवा हात. "किती?"

"एकशे दहा, सत्तर, सर."

"शाब्बास. आता डावा."

सरांनी पट्टा बांधला, हवा भरली, सोडायला लागले. आणि त्यांच्या कपाळावर आठी पडली. त्या मुलीचाही चेहरा पडला.

"किती आलं तुला?"

"सर, माझं चुकत असेल..."

"चुकू दे. सांग."

"एकशे सत्तर. खालचं... एकशे दहा."

सरांनी परत घेतलं. तेच. मशीन बदललं, आतल्या खोलीतलं आणलं. तेच. उजवीकडे ११०/७०, डावीकडे १७०/११०. एकाच माणसाच्या दोन हातांत एवढा फरक म्हणजे हृदयापासून निघणाऱ्या मोठ्या रक्तवाहिनीचं काहीतरी भयंकर असू शकतं, हे मलाही माहीत होतं. सर एकदम हळू आवाजात म्हणाले, "मधुरा, छातीत दुखतंय का? पाठीत? खरं सांग बेटा." सरांनी मला बेटा कधी म्हटलेलं नव्हतं.

मला काहीही होत नव्हतं. मी फक्त विचार करत होते, ११०/७० मी कुठे लिहिलं? परवा. कुणाच्या तरी कार्डावर. न मोजता.

आठ मुलं समोर उभी. त्यांच्यासमोर बोलायचं म्हणजे अब्रूचे धिंडवडे. पण पट्टा अजून दंडाला होता आणि त्यातली सगळी हवा सोडलेली असूनही तो आवळतच चालला होता. मी म्हटलं, "सर, सोमवारी मी एका बाईचं बीपी न घेता लिहिलं."

सरांनी विचारलं, "कुणाचं?"

आणि मला सांगता येईना. नाव आठवेना. चेहरा तर नाहीच नाही! मी त्या मुलीकडे वर मान करून बघितलंच नव्हतं. तिचा हात तेवढा आठवत होता. गव्हाळ, जरा सुजलेला, मनगटात हिरव्या बांगड्या रुतलेल्या. रुतलेल्या... म्हणजे सूज माझ्या डोळ्यांसमोर होती आणि मी मशीनला शिव्या घालत बसले होते. रजिस्टर उघडलं तर त्या दिवशी ११०/७० असलेल्या सहा जणी. मला रडू फुटायला लागलं. तेवढ्यात आणखी एक आठवलं, आणि ते बोलताना माझं मलाच मूर्खासारखं वाटलं. "सिस्टर, तिच्या हाताला लिंबांचा वास होता."

वाघमारे सिस्टरांनी रजिस्टर मिटलंच. "कोमल. मंडईत लिंबं विकणाऱ्या मावशींची सून. आठवा महिना. चला, गाडी काढा."

मी स्कूटर चालवत होते, मागे सिस्टर, त्यांच्या मांडीवर बीपीचं मशीन आणि औषधांची पेटी. वाटेत एकदाच त्या बोलल्या. "मॅडम, मी चिडलेली आहे. पण ते नंतर. आता समोर बघून चालवा."

जेलच्या बाजूने आत गेलं की वस्ती लागते, तिथे तिसऱ्या गल्लीत घर. दार उघडंच होतं. बारीकशी कोमल उंबऱ्यापाशी भिंतीला टेकून बसली होती, कपाळाला ओलं फडकं गुंडाळलेलं, समोर लिंबांचं पोतं. खराब लिंबं बाजूला काढत होती. डोळे अर्धवट मिटलेले. सिस्टरांनी विचारलं, तर म्हणाली, "काय न्हाई सिस्टर, सोमवार सांजंपासनं डोकं लई दुखतंय. डोळ्यापुढं काजवे येत्यात. ऊन लागलं आसंल."

मी तिच्या पुढ्यात बसले. तिच्या बाहीकडे माझा हात गेला. तिनेच बाही वर केली आणि डावा हात माझ्या गुडघ्यावर ठेवला. मी पट्टा बांधला, आणि ज्या क्षणी तो तिच्या दंडाला बसला, त्या क्षणी माझ्या दंडावरची पकड सुटली. एकदम. तीन दिवसांत पहिल्यांदा माझा हात माझा वाटला.

एकशे सत्तर, एकशे दहा.

मी ते सिस्टरांना सांगितलं. त्यांनी परत मोजलं आणि सरांना फोन लावला. सरांनी सांगितलेलं पहिलं इंजेक्शन तिथेच दिलं, अ‍ॅम्ब्युलन्स आली, मी सोबत गेले. अ‍ॅम्ब्युलन्समध्ये कोमलने मला एकच विचारलं. "बाळ ऱ्हाईल ना, मॅडम?" मला "हो" म्हणायचं होतं, पण सोमवारी मी न मोजता एक आकडा लिहिला होता, आता न मोजता एक शब्द कसा बोलू? मी म्हटलं, "मला माहीत नाही गं. पण मी इथून हलणार नाही." आणि तिचा हात धरून बसले. तिची सासू मंडईतून तशीच धावत आली, ओच्यात अजून दोन लिंबं होती. मी तिला बाकावर बसवलं आणि पाणी दिलं. तिच्याशी नजर मिळवायची हिंमत मला झाली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिझेरियन झालं. मुलगी. दोन किलोही भरली नाही, पण रडली. डॉक्टर म्हणाल्या, आणखी एक दिवस गेला असता तर दोघींचंही सांगता आलं नसतं. मी जिन्यात जाऊन बसले आणि भोकाड पसरून रडले. वाघमारे सिस्टर शेजारी येऊन बसल्या. मला वाटलं, आता चिडतील. त्यांनी पदराने माझं नाक पुसलं, मी तीन वर्षांची असल्यासारखं, आणि म्हणाल्या, "आता चहा पाजा मला. चिडायला ताकद लागते."

माझ्या डाव्या हातात परत कधी तो आकडा आला नाही. सरांनी हट्टाने सगळ्या तपासण्या करायला लावल्या. हृदयाची सोनोग्राफी, रक्तवाहिन्यांचा स्कॅन, सगळं नॉर्मल. मी विचारलं, "सर, मग ते काय होतं?" ते म्हणाले, "माहीत नाही. वीस वर्षं शिकवतोय, हे वाक्य म्हणायची मला सवय आहे. तुम्हीही करून घ्या." मग थोड्या वेळाने, "आणि पोस्टिंग संपेपर्यंत बीपीच्या टेबलावरून उठायचं नाही." ही शिक्षा होती. पण ती त्यांनी अगदी हळू आवाजात दिली.

बाबांना मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, मशीन बिघडलेलं असणार. मी म्हटलं, दोन मशीनवर तेच आलं, आणि त्यातल्याच एकावर कोमलचं बरोबर आलं. बाबांनी वर्तमानपत्राची घडी केली. मग त्यांनी विचारलं, "ती मुलगी आता बरी आहे ना?" एवढंच.

पण मी लिहायला बसले ते यासाठीही नाही. खरी गोष्ट पुढे आहे.

पाचव्या दिवशी मी वॉर्डात गेले. बाळ अजून काचेच्या पेटीत होतं, कोमल कॉटवर बसून पेज पीत होती. मी ठरवूनच गेले होते. तिच्यासमोर स्टुलावर बसले आणि एका दमात बोलून टाकलं. "कोमल, सोमवारी मी तुझं बीपी घेतलंच नव्हतं. तसंच लिहिलं. माझी चूक होती. तुझ्या जिवावर बेतलं होतं. मला माफ कर."

ती पेजेची वाटी खाली ठेवून माझ्याकडे बघायला लागली. आश्चर्य नाही, राग नाही.

"ते म्हाईत हाय की मला," ती म्हणाली. "दंड तर माझाच हाय ना."

इतके दिवस मला वाटत होतं की हे फक्त मला माहीत आहे!

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही वर बघितलंच न्हाई." तिने हे तक्रार म्हणून सांगितलं नाही, पाऊस पडला होता असं सांगावं तसं सांगितलं. "मागं बाया उभ्या हुत्या. आन् डॉक्टरनं लिव्हलं म्हंजी बरूबर आसंल, आसं वाटलं." मग ती एकदम हसली. "पण नंतर आलात की. तीन दिस धरून बसलाच हुता."

"कोण?"

"तुम्हीच की. आजून कोण?" तिने सांगितलं ते असं. सोमवारी संध्याकाळपासून तिला कुणीतरी आपला डावा दंड धरलाय असं वाटत होतं. मधेच घट्ट, मग हळूहळू सैल. नवरा कामावर, सासू मंडईत, दिवसभर घरात एकटी, डोकं ठणकत होतं, डोळ्यांपुढे काजवे. "लई भ्या वाटायचं मॅडम, काय हुतंय कळंना. पण त्यो हात आला की बरं वाटायचं. वाटायचं, कुणीतरी हाय. आत्यांना बोलले," आत्या म्हणजे सासूबाई, "तर त्या म्हनल्या शीर आसंल. शीर कशी आसंल? शिरंला काय बोटं आसत्यात?"

"कसं धरायचं?" मी विचारलं.

"आसं." तिने हात पुढे करून माझा डावा दंड धरला. अंगठा आतून, चार बोटं बाहेरून, पट्टा बांधायच्या आधी मी पेशंटचा दंड धरते अगदी तसा. आणि हळूहळू आवळला. साडेपाच वाजता चहा गाळताना आवळला गेला होता तसाच. ती पकड माझीच होती.

मी तिथेच तिच्या कॉटवर डोकं टेकून रडले. पेशंटनेच डॉक्टरला थोपटलं. शेजारच्या कॉटवरच्या आजी म्हणाल्या, "अहो बाई, बाळंतीण ती आहे का तुम्ही?"

आता हे काय होतं? मला माहीत नाही. मी तिला धरलं होतं की तिने मला? मी तेव्हा नारायण पेठेत चहा पीत होते, ती येरवड्यात लिंबं निवडत होती. अपराधी मन असं म्हणाल, तर ते मलाही पटलं असतं, पण माझं मन अपराधी नव्हतंच, मी विसरून गेले होते. आणि अपराधी मनाचा आकडा आठ मुलांसमोर मशीनवर कसा येईल? ज्यांना काही सुचतंय त्यांनी कमेंटमध्ये लिहा. बी-ट्वेल्व्ह मी तपासून घेतलंय.

दीड महिन्याने, माझ्या पोस्टिंगच्या शेवटच्या आठवड्यात, कोमल बाळाला डोस द्यायला केंद्रात आली. सासूबाईंनी माझ्यासाठी पिशवीभर लिंबं आणली होती, नको म्हटलं तर रागावल्या. व्हरांडा भरलेला, रांग पार दारापर्यंत. मी बीपीच्या टेबलावर, खरं तर तिचा नंबरही तिथे नव्हता. पण ती बाळाला सासूकडे देऊन सरळ माझ्यासमोर येऊन बसली, बाही वर केली आणि डावा हात टेबलावर ठेवला.

"आधी माझं घ्या."

मी वर बघितलं. तिच्या उजव्या भुवईत एक छोटा तीळ आहे. मी तिचा दंड धरला, पट्टा बांधला, हवा भरली, सोडली. मग परत एकदा केलं, कारण मला खात्री करायची होती.

एकशे दहा, सत्तर. मी कार्डावर लिहिलं.